तिसरा पट्टा

गंगापट्टी, नाशिक रोड
९ जानेवारी २००५

चि. राखीस,
सप्रेम जय भीम.

फोनवर बोलायला गेलं की तू ठेवून देतेस, नाहीतर मी ठेवते. म्हणून लिहिते. पत्र वाचताना तरी मध्ये बोलता येत नाही.

मार्चपासून मी कुरणाला शहराचं पाणी बंद करणार आहे. सावळीराम पाटकऱ्याला सांगून ठेवलंय की पुढची आमची पाळी दुसऱ्या कोणाला द्या. मग नांगर घालून सगळं गवत काढणार. तुझ्या लाल-पांढऱ्या खुंट्या येऊन घेऊन जा, नाहीतर मी चुलीत घालीन.

तुला प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं, म्हणून कारणं देते. दोरी लावून तू चार पट्टे आखलेस. दोन शहरातून शुद्ध होऊन येणाऱ्या सांडपाण्याचे, दोन आपल्या विहिरीच्या पाण्याचे. शहराच्या पाण्याच्या पट्ट्यांत ऊन तापलं की मातीवर पांढरा थर येतो. लसूणघास पहिल्याच वर्षी पिवळा पडला आणि आता शोधूनही सापडत नाही. नुसतं पॅरा गवत माजलंय, कमरेएवढं. दिसायला हिरवंगार. तबेल्यातला गोरक्ष परवा म्हणाला, "लताबाई, तुमची पेंढी हातात जड लागते न् दूध पातळ पडतं. गवत विकता का पानी विकता?" मी हसले नाही.

दुसरं कारण तुला माहीत आहे. पाळी चुकू द्यायची नाही, राखीचा प्रयोग बिघडेल, असं म्हणत तुझा दादा भर पावसात त्या पाण्यात उभा राहायचा. पायाला भेगा होत्या. ताप आला, डोळे पिवळे झाले, लघवी बंद झाली आणि आठवड्यात माणूस गेला. डॉक्टर म्हणाले, उंदरांमुळे होतो तसला ताप असावा. "असावा." त्या एका शब्दावर मी पाच महिने काढलेत.

तुझी कॉलेजची पुस्तकं माळ्यावर होती. ती काढून वाचते. सातवी शिकलेल्या बाईला जेवढं कळायचं तेवढं कळतं. मातीत जीव असतात, ते कुजवतात, त्यावर गवत जगतं, इथपर्यंत आलेय. पुढचं तू सांग. आपली जमीन जिवंत आहे की मेली? अडीच वर्षं पिशव्या भरभरून माती नेतेस, त्या बदल्यात एक वाक्य आणून दिलं नाहीस.

लता

*

अकोला
२१ जानेवारी २००५

वहिनी,
जय भीम.

तुझं वाक्य घे. जमीन जिवंत आहे, आणि पूर्वीपेक्षा जास्त जिवंत आहे. शहराच्या पाण्याच्या पट्ट्यांत चिमूटभर मातीत जेवढे जिवाणू निघतात, ते विहिरीच्या पट्ट्यांच्या जवळजवळ दुप्पट आहेत. त्या पाण्यात नत्र आहे, कुजणारे पदार्थ आहेत. जिवाणूंना खायला मिळतं, म्हणून ते वाढतात. गवतही त्यामुळेच वाढतं. पांढरा थर म्हणजे विष नाही, क्षार आहेत. जिप्सम टाकून चांगलं पाणी दिलं की ते खाली जातात. हे मी दादाला दोनदा सांगितलं होतं. लसूणघास क्षार सहन करत नाही, म्हणून गेला. त्यात भुताटकी नाही.

प्रयोग तीन वर्षांचा आहे. येणारा पावसाळा संपेपर्यंत थांब. मध्ये तोडला तर आधीचं सगळं वाया. ज्या गावांना उद्या हेच पाणी मिळणार आहे त्यांना काय सांगायचं, ते या कुरणावर ठरणार आहे. तुला ते नको असेल, तर ऐक. सातबाऱ्यावर दादाबरोबर माझंही नाव आहे. मला विचारल्याशिवाय त्या जमिनीत नांगर घालता येणार नाही. हे लिहायची वेळ येऊ द्यायची नाही असं ठरवलं होतं, तू आणलीस.

आणि दादाबद्दल. तो तुझा नवरा होता तसा माझा भाऊही होता. उंदीर मुतलेल्या कुठल्याही ओल्या शेतात तो ताप येतो, विहिरीच्या पाण्यावरच्या भातातही येतो. तरी मी गमबूट पाठवले होते. पहिल्याच वर्षी. ते त्याच्या पायात का नव्हते, हे मी तुला एकदाही विचारलं नाही. तूही मला विचारू नकोस.

पुस्तकं वाचतेस ते चांगलं आहे. पण निम्मं वाचून निकाल देऊ नकोस.

राखी

*

गंगापट्टी
३ फेब्रुवारी २००५

श्रीमती राखीताई यांस,
जय भीम.

सातबाऱ्यावर नाव असलेल्या माणसाला 'तू' म्हणणं बरं नाही, म्हणून आजपासून तुम्ही.

मी या घरात आले तेव्हा तुम्ही परकर-पोलक्यात होता. तुमचे भाऊ पहाटे गवत कापून सायकलवर नाशिक रोडच्या तबेल्यांत पोचवायचे आणि तुम्हाला शाळेत सोडून घरी यायचे. त्या कुरणाच्या गवतावर तुमचं शिक्षण झालं. आता तेच कुरण दाखवून मला धाक घालता. शिक्षण वाया गेलं नाही म्हणायचं.

गमबूट. तुम्ही विचारत नव्हता तरी सांगते. ते त्यांनी एकदाही घातले नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीसकट खुंटीला टांगले होते. घरी कोणी आलं की काढून दाखवायचे, "आमच्या राखीनं धाडलेत." मी म्हणायची, "अहो, घाला की. त्यासाठीच दिलेत." तर म्हणायचे, "तिनं एवढं चांगलं काही धाडावं आन् मी चिखलात घालून नासवू व्हय?" बहिणीचं पहिलं देणं होतं ते. आता तुम्हीच ठरवा, मी काय करायला हवं होतं.

दुप्पट जिवाणू म्हणता. नाशिक रोडच्या स्टेशनातही गावापेक्षा दुप्पट माणसं असतात. तिथं कोणी संसार करतं का? गर्दी वाढली एवढंच तुमच्या आकड्यावरून कळतं. कोण आलं, कोण उठून गेलं, ते कळत नाही. घास उठून गेला, हे मला आकड्याशिवाय दिसतं.

तरी तुमच्यासारखा हट्ट मला करायचा नाही. एक ठरवू. मार्चात या, चारही पट्ट्यांची माती न्या, गवत कापून वजन करा. तुमचीच तपासणी, तुमचेच आकडे. शहराच्या पाण्याचे पट्टे सरस निघाले, तर मी तोंड मिटून पाणी घेईन आणि एकही पाळी चुकवणार नाही. विहिरीचे सरस निघाले, तर पाणी बंद, आणि सातबाऱ्यावरच्या नावाचा विषय तुम्ही पुन्हा काढायचा नाही. कबूल असेल तर कार्ड टाका.

मी भिऊन हे लिहीत नाही. विहिरीच्या तिसऱ्या पट्ट्यात घास पुन्हा फुटलाय, जांभळ्या फुलांनी भरलाय. म्हशी दावं तोडून तिकडं धावतात. या आणि बघा.

तुम्ही याल तेव्हा मी पिंपळगावला बहिणीकडे असेन. द्राक्षांचं पॅकिंग चालू असतं, तिला माणसं लागतात. घराची किल्ली सावळीरामाकडे ठेवते. चहा-साखर जागेवर आहे.

लताबाई

*

अकोला
१८ एप्रिल २००५

वहिनी,

कबूल केलं होतं, म्हणून आकडे सोबत जोडले आहेत. कागदावर बघितलंस तर तू जिंकलीस. अभिनंदन. आता सांग, तिसऱ्या पट्ट्यात काय टाकलंस?

तिसरा आणि चौथा हे दोन्ही पट्टे एकाच विहिरीच्या पाण्यावर आहेत. दोन्हींत एकाच दिवशी गवत लावलंय, बी एकाच पिशवीतलं. चौथा पूर्वी होता तसाच आहे. जिवाणू बेताचे, गवत विरळ, घास जेमतेम. तिसऱ्यात मात्र जिवाणू शहराच्या पट्ट्यांनाही मागे टाकून गेलेत. चुना वाढलाय, पालाश कितीतरी वाढलंय, स्फुरद वाढलंय. त्याच्या जिवावर घास आलाय. नुसत्या विहिरीच्या पाण्याने सात जन्मात असं होणार नाही. मी हेच काम करते, वहिनी. राख आणि हाडांचं खत टाकल्यावर माती अशी होते. नदीकडेच्या कुठल्या वीटभट्टीवरून राख आणलीस? आणि हाडखत कोणी आणून दिलं, सावळीरामाने?

मी गेले तेव्हाच मला शंका आली होती. तिसऱ्या पट्ट्याच्या बांधावर त्याने वहाणा काढल्या. म्हटलं, "का हो?" तर म्हणे, "चिखल हाय, ताई." जमीन ठणठणीत कोरडी होती. माती काढताना तो पाठ करून उभा राहिला. थैली धरा म्हटलं तर धरेना. तेव्हा कळायला हवं होतं की याला काहीतरी ठाऊक आहे.

तुला पाणी नको होतं, ते सरळ सांगितलं होतंस. मला राग आला, पण ते खरं होतं. आकडे बिघडवून जिंकण्याइतकी तू खाली उतरशील असं वाटलं नव्हतं. दादाच्या हातच्या पट्ट्यांत. तो असता तर त्याला काय वाटलं असतं, याचा तरी विचार करायचा होतास.

राखी

*

गंगापट्टी
२७ एप्रिल २००५

राखीताई,

तुमची तपासणी बरोबर आहे. राख होती, आणि हाडंही होती. वीटभट्टीची नव्हती.

ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी तुम्ही अकोल्याला परत गेलात. परीक्षेचं काम होतं, रजा नव्हती. मी अडवलं नाही. पाचव्या दिवशी विहारातली माणसं जमली आणि रक्षेचं काय करायचं ते विचारलं. नदीत काही सोडायचं नाही, ही आपल्या वस्तीची रीत तुमच्या आजोबांपासूनची. कोणी शेतात मिसळतं, कोणी झाडाखाली पुरतं. त्यांनी आजारी पडायच्या आधीच एकदा हसत सांगितलं होतं, "मला कुरणात टाका. म्हशी वळखीच्या हायेत." तेव्हा मी पाठीत धपाटा घातला होता.

मुठीएवढीच रक्षा नव्हती. लाकडाची कुठली आणि त्यांची कुठली, हे कोण वेगळं करणार? सगळी गोणींत भरली आणि सावळीरामाने बैलगाडीतून आणली. मी कुदळीने माती हलवली आणि हाताने मिसळत गेले. कुरण मोठं आहे, कुठंही टाकता आली असती. पण ज्या पाण्याने त्यांना नेलं असं माझ्या मनानं घेतलंय, त्या पाण्यात मी त्यांना पुन्हा ठेवणार नव्हते. म्हणून विहिरीचा पट्टा. चौथ्याला सावली येते, तिसऱ्याला ऊन असतं. त्यांना ऊन आवडायचं. एवढाच हिशेब होता.

तुमच्या प्रयोगाचा विचार त्या दिवशी माझ्या डोक्यात नव्हता. नंतर घास फुटला तेव्हा वाटलं, विहिरीच्या पाण्याचा गुण. मी समजत होते की जळलेलं ते जळलं, त्यातून काय उगवणार. पुस्तकातलं तेवढं पान मला लागलं नव्हतं. पैज लावली ती मनापासून लावली होती.

सावळीरामाला काल विचारलं, "तुम्ही ताईंना का नाही सांगितलं?" तो म्हणाला, "मला वाटलं, त्यांना ठाव असंल. सख्खी भन हाय. न् ठाव असून खणत्यात म्हणल्यावर मी काय बोलू?" म्हणून तो पाठ करून उभा होता.

आता तुम्ही सांगा. भावाची रक्षा कुठं गेली, हे आठ महिन्यांत तुम्हाला एकदा तरी विचारावंसं वाटलं का?

लताबाई

*

अकोला
१० मे २००५

वहिनी,

वाटलं नाही. मी धरून चालले होते की विहाराच्या लिंबाखाली पुरली असेल, आईची पुरली होती तशी. विचारलं असतं, तर पाचव्या दिवशी मी नव्हते हे तुझ्या तोंडून ऐकावं लागलं असतं. म्हणून नाही विचारलं. तू मात्र सांगू शकली असतीस. दर पत्रात मला टोचायला तुझ्याकडे शब्द होते, हे एक वाक्य नव्हतं. मला त्या पट्ट्यात खणायला पाठवून स्वतः पिंपळगावला जाऊन बसलीस.

मातीचं आम्ही काय करतो, ते तुला सांगते. तू पुस्तक वाचतेस, त्यात हे असेलच. आधी पसरून वाळवतो. खलात कुटतो. चाळणीतून गाळतो. वर जे खडे राहतात ते टाकून देतो, त्यांची तपासणी करत नाही. तिसऱ्या पट्ट्याच्या मातीत बारीक पांढरे खडे होते. आपल्याकडच्या जमिनीत चुनखडी असतेच. मी चाळणी खिडकीबाहेर झटकली. तिथं कॉलेजचा कचरा साठतो, उचलून कधीच नेला. तुझं पत्र आल्यापासून मी चाळणीला हात लावलेला नाही. मुलं विचारतात, बाई, प्रॅक्टिकल कधी. मी तारीख पुढे ढकलते.

आता कामाचं. तिसरा पट्टा तुलनेतून वगळावा लागेल. मग विहिरीचा एकटा चौथा उरतो, आणि त्यावर सावली आहे हे तूच लिहिलंस. एकट्या पट्ट्यावरून कोणी काही मानत नाही, मानूही नये. प्रयोग संपला. तीन वर्षांतून काही निघालं नाही.

पाणी बंद कर, नांगर घाल. सातबाऱ्याचा विषय मी काढणार नाही. फक्त एवढं लक्षात ठेव. त्या पाण्याने जमीन जगली की मेली, हे तुला जाणून घ्यायचं होतं. आता ते कुणालाच सांगता येणार नाही. ते उत्तर तूच मातीत मिसळलंस, तुझ्या हाताने.

राखी

*

गंगापट्टी
२ जून २००५

राखी,

तुझं पत्र वाचून राग आला. मग कुरणात जाऊन आले. मग पुन्हा वाचलं, तरी राग होताच. पण शेवटचं जे लिहिलंस ते खरं आहे.

खड्यांबद्दल मी काही लिहिणार नाही. तुला माहीत नव्हतं. पुढं कधीही मी तो विषय काढला तर मला हे पत्र दाखव.

सोमवारी सावळीराम चावी घेऊन आला. म्हणाला, "वहिनी, तुमच्या म्हणण्यापरमानं आजपासून बंद. चाक फिरवू ना?" मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि नाही म्हणाले. तो म्हणाला, "आवो, सहा महिने तुम्ही माझं डोकं खाल्लं!" म्हटलं, "आणखी तीन वर्षं खाणार आहे. पाणी सोडा."

बंद केलं असतं तर आयुष्यभर त्या पाण्याला शिव्या दिल्या असत्या, आणि त्या खऱ्या की खोट्या हे कळलं नसतं. दहा महिने डॉक्टरच्या "असावा" वर काढले, त्यावरच म्हातारी व्हायची माझी तयारी नाही. त्यांच्या तापाचं आता कोणी सांगू शकणार नाही, ते मी सोडलं. जमिनीचं तरी कळू दे.

चौथ्याच्या पलीकडे बांधापर्यंत जी पडीक जागा होती, तिथं दोन नवे पट्टे आखलेत. तू लावली होतीस तशीच दोरी लावली, रुंदी तेवढीच, ऊन दिवसभर. त्या जागेला शहराचं पाणी कधी लागलेलं नाही, हे सावळीराम लिहून द्यायला तयार आहे. विहिरीचं पाणी देणार. पॅरा आणि घास पाऊस लागला की लावीन. त्या दोन्ही पट्ट्यांत कोणी नाही. चौथा तुला नको असेल तर सोडून दे, मला चाऱ्याला होईल.

तिसरा वगळ, मी आडवी येत नाही. पण कागदावर 'काही कारणाने वगळला' असं लिहू नकोस. शेतकऱ्याची रक्षा त्यात मिसळली म्हणून वगळला, असं लिही, आणि शेतकऱ्याचं नाव लिही. धम्मपाल. तुझे साहेब हसले तर हसू देत.

जिप्समच्या गोण्या आणल्या आहेत, पण टाकलेल्या नाहीत. टाकल्याने तुझा नवा हिशेब बिघडत असेल तर आधी सांग. यापुढं त्या कुरणात मी मूठभर शेणही तुला न विचारता टाकणार नाही, आणि तूही मला न विचारता ढेकूळ उचलायचं नाहीस.

पहिली माती पेरणीच्या आधी काढावी लागते, असं पुस्तकात आहे. म्हणून पाऊस पडायच्या आत ये. घरी उतरायचं की नाही ते तू ठरव. मी बोलवत नाही आणि दारही लावत नाही. तुला माफ केलं म्हणून हे चाललंय असं समजू नकोस. तू मला केलं नाहीस, तेही मला दिसतं.

शेवटी शहराचं पाणी चांगलं निघालं, तर इतके दिवस मी भलत्याच गोष्टीवर राग धरला असं होईल. तेही मला कळायला हवं. मग तो राग दुसरीकडे कुठंतरी ठेवावा लागेल. जागा शोधायला तीन वर्षं आहेत.

लता